स्पर्शातून उमललेली करुणा

हेलन केलर हे नाव उच्चारले, की हातपंपाच्या धारेखाली धरलेला एक इवलासा हात डोळ्यांसमोर उभा राहतो. अंध आणि बधिर असलेल्या, वयाची सात वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलीला प्रत्येक वस्तूला नाव असते याचा साक्षात्कार त्या धारेखाली झाला. ही कथा जगभर असंख्य वेळा सांगितली गेली आहे. संजय लीला भन्साळी यांच्या २००५ मधील ‘ब्लॅक’ या चित्रपटामागेही याच जीवनाची प्रेरणा होती. मात्र ५ एप्रिल १८८७ या त्याच दिवशी, त्यानंतर थोड्याच वेळात घडलेली दुसरी घटना फारशी सांगितली जात नाही.

पंपाकडे जाण्यापूर्वी, धड्याला कंटाळून चिडलेल्या हेलनने आपली नवी बाहुली जमिनीवर आपटून फोडली होती. तुकडे पायांना लागले तेव्हा तिला वाईट वाटले नाही, केल्याचा पस्तावाही झाला नाही. शिक्षिकेने ते तुकडे झाडून शेकोटीच्या कडेला सारून ठेवले. पंपावरून घरात परतताना मात्र तिला त्या बाहुलीची आठवण झाली. चाचपडत ती शेकोटीपाशी गेली, तुकडे उचलले आणि एकमेकांना जोडून पाहू लागली. ते काही जुळेनात. तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. दुःख आणि पश्चात्ताप म्हणजे काय, हे आयुष्यात प्रथमच आपल्याला त्या क्षणी उमगले, अशी कबुली पुढे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात दिली आहे.

बोटे तीच होती आणि तुकडेही तेच. काही वेळापूर्वी ज्या स्पर्शाने मनावर ओरखडाही उमटला नव्हता, त्याच स्पर्शाने आता ती रडत होती. दुसऱ्याचे दुःख आपल्याला कसे जाणवते आणि ते जाणवल्यावर हात पुढे कसा होतो, या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असेल, तर हेलन केलर यांच्या आयुष्याकडे पाहावे लागते. कारण जगाशी त्यांचा संबंध प्रामुख्याने स्पर्शातूनच जुळला होता.

हेलन यांचा जन्म २७ जून १८८० रोजी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील टस्कंबिया या लहानशा गावी झाला. वडील कॅप्टन आर्थर केलर यांनी अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यातून लढत दिली होती आणि पुढे ते एका स्थानिक वृत्तपत्राचे संपादक झाले. आई केट या वाचनाची आवड असलेल्या, सुविद्य होत्या. हेलन एकोणीस महिन्यांची असताना तिला तीव्र ताप आला. डॉक्टरांनी आशा सोडली होती. ताप अचानक उतरला आणि घरात आनंदीआनंद झाला. मुलगी वाचली होती खरी, परंतु तिची दृष्टी आणि श्रवणशक्ती कायमची गेली होती, हे काही दिवसांनी लक्षात आले.

पुढची पाच वर्षे हे मूल स्वतःच्याच शरीराच्या तुरुंगात वाढले. आईच्या पदराला धरून ती घरभर वावरे. खुणांची तोडकीमोडकी भाषा तिने स्वतःच रचली होती. पाव हवा असेल तर काप करून त्यांना लोणी लावल्याची नक्कल करायची, आइस्क्रीम हवे असेल तर थंडीने कुडकुडल्यासारखे करायचे. समोरच्याला खूण कळली नाही, तर ती लाथा झाडी, किंचाळे, हाताला लागेल ते फेके. एकदा तिने आईला कोठीच्या खोलीत कोंडून बाहेरून कुलूप लावले. आई आतून दार बडवत होती आणि त्या धक्क्यांची कंपने पायरीवर बसलेल्या हेलनला जाणवत होती. त्या कंपनांची तिला इतकी गंमत वाटली, की ती खदखदून हसत राहिली. आईची सुटका व्हायला तब्बल तीन तास लागले. दुसऱ्या एका प्रसंगी, आपल्या बाहुलीच्या पाळण्यात तान्ही बहीण मिल्ड्रेड झोपलेली तिच्या हाताला लागली. रागाच्या भरात तिने पाळणाच उलथून टाकला. आईने वेळीच झेलले म्हणून बाळ बचावले.

स्पर्श माणसाला आपोआप कनवाळू बनवतो, असा भाबडा समज या दोन प्रसंगांपुढे टिकत नाही. दार बडवणाऱ्या आईची धडपड हेलनच्या अंगापर्यंत पोहोचत होती. त्या धडपडीमागे एक घाबरलेले मन आहे, याचा मात्र तिला पत्ता नव्हता. दुसऱ्यालाही मन असते हे सांगणारे कोणी तिला अजून भेटले नव्हते.

केट केलर यांनी चार्ल्स डिकन्स यांच्या अमेरिका प्रवासवर्णनात लॉरा ब्रिजमन या अंध-बधिर मुलीच्या शिक्षणाविषयी वाचले होते. बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत डॉ. सॅम्युएल ग्रिडली हाउ यांनी १८३७ पासून लॉराला शिकवले होते. त्या आशेवर केलर कुटुंबाने बाल्टिमोरचे नेत्रतज्ज्ञ गाठले. त्यांनी दूरध्वनीचे संशोधक आणि बधिरांचे शिक्षक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्याकडे पाठवले. बेल यांनी पर्किन्स शाळेचे नाव सुचवले. शाळेचे संचालक मायकेल अ‍ॅनाग्नोस यांनी आपल्याच एका माजी विद्यार्थिनीची शिफारस केली. तिचे नाव अ‍ॅन सुलिव्हान.

अ‍ॅन यांचे बालपण हेलनपेक्षाही भयाण होते. आयरिश स्थलांतरितांच्या अत्यंत गरीब घरात १८६६ मध्ये त्यांचा जन्म झाला. लहानपणीच खुपऱ्यांच्या विकाराने डोळे जवळजवळ निकामी झाले. आई वारली, वडिलांनी हात वर केले आणि १८७६ मध्ये नऊ वर्षांच्या अ‍ॅनची, धाकटा भाऊ जिमी याच्यासह, ट्यूक्सबरी येथील सरकारी निराधारगृहात रवानगी झाली. जिमीचा क्षयाने काही महिन्यांतच मृत्यू झाला. शेजारची त्याची खाट जागेवर नाही, हे अ‍ॅनला अंधारात हाताने चाचपडताना कळले. त्या नरकातून बाहेर पडून १८८० मध्ये ती पर्किन्स शाळेत दाखल झाली. शस्त्रक्रियांनी थोडी दृष्टी परत मिळाली. वृद्ध लॉरा ब्रिजमन तेव्हा त्याच शाळेत राहत असत. त्यांच्याशी बोलता यावे म्हणून अ‍ॅन करपल्लवी, म्हणजे तळहातावर बोटांनी अक्षरे जुळवण्याची लिपी शिकली. १८८६ मध्ये आपल्या वर्गात पहिली येऊन ती बाहेर पडली.

३ मार्च १८८७ रोजी वीस वर्षांच्या अ‍ॅन सुलिव्हान टस्कंबियाला पोहोचल्या. सोबत पर्किन्सच्या अंध मुलींनी पाठवलेली बाहुली होती आणि तिचे कपडे लॉरा ब्रिजमन यांनी शिवले होते. सुरुवातीचे दिवस लढाईचेच होते. हेलनने शिक्षिकेला खोलीत कोंडले आणि किल्ली लपवून ठेवली. कॅप्टन केलर यांना शिडी लावून खिडकीतून त्यांना खाली उतरवावे लागले. एका झटापटीत अ‍ॅन यांचा पुढचा दातही पडला. मात्र अ‍ॅन यांना सर्वाधिक खटकली ती वेगळीच गोष्ट. या मुलीला आईखेरीज कोणीही जवळ घेतलेले खपत नसे. कुरवाळायला गेलेला हात ती झिडकारून टाकी.

आईवडिलांच्या लाडांपासून दूर नेल्याशिवाय काही साधणार नाही, हे ओळखून अ‍ॅन यांनी आवारातल्याच एका लहान घरात हेलनसह दोन आठवडे मुक्काम केला. तिथे जेवण, कपडे, फिरणे, सारे काही या एकाच माणसाच्या हातून मिळत होते. हेलन हळूहळू शांत झाली. दिवसभर अ‍ॅन तिच्या तळहातावर शब्द जुळवत राहिल्या. बाहुली, केक, कप, पाणी. हेलन त्या हालचालींची नक्कल करी, परंतु तो तिच्या लेखी बोटांचा खेळ होता. मग ५ एप्रिलची ती सकाळ आली. एका हातावर पंपाचे गार पाणी आणि दुसऱ्या हातावर तोच शब्द, आधी सावकाश, मग भरभर. दोन्ही हातांवरच्या संवेदना एकच आहेत, हे अचानक तिच्या ध्यानात आले. पुढच्या काही तासांत ती सुमारे तीस नवे शब्द शिकली. त्यात शिक्षिका हा शब्दही होता.

त्या रात्री अ‍ॅन अंथरुणावर पडल्या, तेव्हा हेलन आपण होऊन त्यांच्या कुशीत शिरली आणि तिने त्यांचा मुका घेतला. महिनाभर झिडकारलेला स्पर्श तिने प्रथमच स्वतःहून दिला होता. सकाळी ज्या मुलीला तुटलेल्या बाहुलीसाठी रडू आले होते, तिला रात्री आपल्यासाठी राबणारे कोणीतरी आहे हे कळले होते.

पुढचा टप्पा अधिक अवघड होता. हाताला लागणाऱ्या वस्तूंची नावे सांगता येतात. न लागणाऱ्या भावनांचे काय? प्रेम या शब्दाचा अर्थ हेलनला काही केल्या कळेना. फुलांचा सुवास म्हणजे प्रेम का, उन्हाची ऊब म्हणजे प्रेम का, असे ती विचारत राही. एकदा मणी ओवताना चूक झाली आणि ती थांबून विचारात पडली. त्याच क्षणी अ‍ॅन यांनी तिच्या कपाळाला बोट लावून विचार करणे हा शब्द तळहातावर जुळवला. डोक्यात जे चालले आहे त्यालाही नाव असते, हे हेलनला त्या वेळी कळले. मग अ‍ॅन यांनी ढग आणि पावसाचा दृष्टांत दिला. ढगाला हात लावता येत नाही, तरी पाऊस अंगावर येतो आणि तापलेली जमीन, फुले सुखावतात. प्रेमाचेही तसेच असते. दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत अशा धाग्यांनी आपले मन इतरांच्या मनांशी बांधलेले आहे, ही जाणीव त्या मुलीला झाली.

तिची कसोटी लवकरच लागली. १८९१ च्या सुमारास हेलनचा लाडका कुत्रा गोळी लागून मेला. तोवर तिचे नाव सर्वदूर पोहोचले होते. हळहळलेल्या लोकांनी तिला नवा कुत्रा घेऊन देण्यासाठी पैसे देऊ केले. त्याच सुमारास टॉमी स्ट्रिंगर नावाच्या एका मुलाची हकिगत तिच्या कानी, म्हणजेच तळहाती आली. पेनसिल्व्हेनियातला हा पाच वर्षांचा पोर तिच्यासारखाच अंध आणि बधिर होता. आई वारलेली, वडील गरीब; त्याची रवानगी निराधारगृहात होण्याची वेळ आली होती. कुत्र्यासाठी देऊ केलेले पैसे टॉमीच्या शिक्षणाला द्यावेत, अशी विनंती दहा वर्षांच्या हेलनने सर्वांना केली. ओळखीच्यांना आणि वृत्तपत्रांना तिने पत्रे लिहिली. टॉमी पर्किन्स शाळेत आला, शिकला. हेलनने आयुष्यात उभा केलेला हा पहिला मदतनिधी. तोवर तिने टॉमीला हातही लावला नव्हता. शब्दांनिशी जगणे कसे असते हे तिला माहीत होते आणि शब्दांवाचून जगणेही तिने भोगले होते. तेवढे पुरेसे ठरले.

१९०० मध्ये हेलन रॅडक्लिफ महाविद्यालयात दाखल झाल्या. मार्क ट्वेन यांच्या शब्दाखातर उद्योगपती हेन्री रॉजर्स यांनी शिक्षणाचा खर्च उचलला. वर्गात प्राध्यापकांचे व्याख्यान अ‍ॅन शब्दशः त्यांच्या तळहातावर उतरवत. ब्रेलमध्ये नसलेली पुस्तके तासन्‌तास वाचून तशीच हातावर लिहीत. अ‍ॅन यांचे मुळातलेच अधू डोळे त्या कष्टाने अधिकच खालावू लागले. एखादा उतारा पुन्हा वाचून हवा का, असे त्या विचारत, तेव्हा हेलन यांना तो हवा असूनही त्या नको म्हणत. आपल्याला वाचायला मिळणारी प्रत्येक ओळ दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांच्या मोबदल्यात मिळते, याचा विसर त्यांना कधी पडला नाही. १९०३ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि १९०४ मध्ये त्या सन्मानाने पदवीधर झाल्या. पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या अंध-बधिर व्यक्ती मानल्या जातात.

हस्तांदोलनातून माणूस ओळखण्याची त्यांची ख्याती होती. थकलेला हात, उतावळा हात, कोरडा हात, दुःखी हात यांतला फरक त्यांना क्षणात कळे. समोरच्याच्या ओठांवर, नाकपुडीवर आणि कंठावर बोटे ठेवून त्या त्याचे बोलणे वाचत. त्यांच्याशी संवाद साधायचा तर कोणालाही अंतर राखून चालत नसे. राजकारणी असो वा कामगार, प्रत्येकाला आपला चेहरा त्यांच्या बोटांच्या स्वाधीन करावा लागे.

पदवीनंतर त्यांनी अंधत्वाची कारणे अभ्यासायला घेतली आणि त्यांच्या विचारांना वेगळी दिशा मिळाली. अंधत्व ही केवळ दैवगती नसून त्यामागे पुष्कळदा दारिद्र्य, कारखान्यांतले अपघात आणि अज्ञान असते, हे त्यांच्या लक्षात आले. जन्मतःच होणाऱ्या नेत्रसंसर्गाने असंख्य अर्भके अंध होत आणि जन्मल्याबरोबर डोळ्यांत औषधाचे थेंब घातल्यास ते टळत असे. परंतु त्या रोगाचा संबंध गुप्तरोगाशी असल्याने सभ्य समाजात त्याचा उच्चारही निषिद्ध होता. हेलन यांनी महिलांच्या लोकप्रिय मासिकातून त्यावर उघडपणे लिहिले. १९०९ मध्ये त्या समाजवादी पक्षाच्या सदस्य झाल्या. स्त्रियांचा मताधिकार आणि कामगारांचे हक्क यांसाठी त्या सभा गाजवू लागल्या. कालपर्यंत त्यांच्या बुद्धीची वाखाणणी करणाऱ्या काही वृत्तपत्रांना आता त्यांची मते म्हणजे त्यांच्या अपंगत्वाचा परिणाम वाटू लागली.

देणाऱ्याला घेणेही शिकावे लागते. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी १९१० मध्ये देऊ केलेले निवृत्तिवेतन हेलन यांनी स्वाभिमानाने नाकारले होते. १९१३ मध्ये व्याख्यानाच्या दौऱ्यावर मेन राज्यातील एका हॉटेलात अ‍ॅन अचानक आजारी पडल्या. त्या परक्या खोलीत हेलन यांना ना दूरध्वनी करता येत होता, ना कोणाला हाक मारता येत होती. अ‍ॅन थोड्या सावरल्यावरच मदत मिळाली. त्यानंतर हेलन यांनी कार्नेगी यांना पत्र लिहून मदत स्वीकारली. भांडवलशाहीवर टीका करणाऱ्या व्यक्तीने भांडवलदाराचे पैसे घ्यावेत, यातली विसंगती त्यांना ठाऊक होती. परावलंबन म्हणजे काय, हे मात्र त्या रात्री त्यांना पुन्हा एकदा नव्याने कळले होते.

त्यांच्या करुणेला मर्यादाही होत्या आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर १९१५ मध्ये शिकागोत गंभीर व्यंग असलेल्या एका नवजात बालकावर शस्त्रक्रिया करण्यास डॉक्टरांनी नकार दिला आणि ते बालक दगावले. देशभर वादळ उठले. हेलन यांनी त्या डॉक्टरांची बाजू घेतली आणि अशा बालकांविषयीचा निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांच्या पंचमंडळाकडे सोपवावा, असे सुचवणारे पत्र एका साप्ताहिकात प्रसिद्ध केले. सुप्रजननशास्त्राचा पगडा त्या काळातील अनेक सुधारकांवर होता, हे खरे. तरीही जिच्याविषयी एकेकाळी आप्तांनी हीच निराशा व्यक्त केली होती, तिनेच असे लिहावे, हे आजच्या वाचकाला अस्वस्थ करते. ते बाळ त्यांच्यापुढे वर्तमानपत्रातील बातमी म्हणून आले होते. त्याची मूठ त्यांच्या बोटाभोवती कधी आवळली गेली नव्हती.

याच्या उलट उदाहरण लगेच पुढच्या वर्षीचे आहे. १९१६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संघटनेला शंभर डॉलरची देणगी पाठवली आणि सोबतच्या पत्रात आपल्याच दक्षिणेतील वर्णभेदाबद्दल लाज व्यक्त केली. गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सैनिकाच्या या मुलीचे पत्र अलाबामात पोहोचले, तेव्हा तिथे संताप उसळला आणि आप्तेष्टांची कुचंबणा झाली. हेलन यांनी माघार घेतली नाही. १९२० मध्ये नागरी स्वातंत्र्यासाठी स्थापन झालेल्या अमेरिकी संघटनेच्या संस्थापकांतही त्या होत्या.

त्याच १९१६ साली त्यांच्या खासगी आयुष्यातील एक दार बंद झाले. त्यांचे सचिव म्हणून काम करणारे पीटर फेगन करपल्लवी शिकले होते. दोघांनी लग्न करायचे ठरवले. बातमी फुटली आणि हेलन यांच्या आईने फेगन यांना घराबाहेर काढले. छत्तीस वर्षांच्या, जगविख्यात स्त्रीला स्वतःचा संसार मांडण्याची मुभा मिळाली नाही. ती सल त्यांनी पुढे लिहून ठेवली. कडवटपणा मात्र बाळगला नाही.

१९२४ पासून त्या अमेरिकेच्या अंधकल्याण प्रतिष्ठानाशी जोडल्या गेल्या आणि चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी त्या कामाला वाहून घेतले. १९२५ मध्ये ओहायोतील सीडर पॉइंट येथे लायन्स क्लबच्या अधिवेशनात त्यांनी सदस्यांना अंधांचे कैवारी होण्याचे आवाहन केले. आपल्या शहरांतही लायन्स क्लबची नेत्रशिबिरे भरतात. त्या परंपरेचा उगम या भाषणात आहे.

२० ऑक्टोबर १९३६ रोजी अ‍ॅन सुलिव्हान यांचे निधन झाले. अखेरच्या काळात त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली होती. शेवटच्या क्षणी त्यांचा हात हेलन यांच्या हातात होता. एकोणपन्नास वर्षांपूर्वी ज्या हाताने जग उघडून दाखवले, तो हात हेलन यांच्याच हातात थंड झाला. आता त्यांचे काय होणार, अशी चिंता अनेकांनी व्यक्त केली. सहकारी पॉली थॉमसन यांच्या साथीने हेलन यांनी आपले काम दुप्पट वाढवले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या अमेरिकेतील लष्करी रुग्णालयांतून फिरल्या. डोळे गमावलेले, हातपाय तुटलेले, भाजलेले तरुण तिथे होते. त्यांना उपदेश करण्यासाठी त्या आल्या नव्हत्या. त्या खाटेशेजारी बसत, हात हातात घेत, चेहऱ्यावरून बोटे फिरवत. इतरांनी नजर वळवावी अशा जखमांनाही त्यांची बोटे बिचकत नसत. आधाराचा हात माणसाला नेमके काय देतो, याचा शोध विज्ञानाने पुढे घेतला. २००६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी सोळा विवाहित स्त्रियांच्या मेंदूचे आलेख तपासले. विजेच्या सौम्य धक्क्याची भीती असताना पतीचा हात हाती असल्यास मेंदूतील धोक्याची प्रतिक्रिया कमी होते, असे त्यांना आढळले. त्वचेत काही चेतातंतू असे असतात, की ते हळुवार कुरवाळण्यालाच विशेष प्रतिसाद देतात, हेही आता ज्ञात आहे. हेलन यांना यातले काही ठाऊक नव्हते. हाताची किंमत त्यांनी टस्कंबियातच ओळखली होती.

ऑक्टोबर १९४८ मध्ये त्या हिरोशिमा आणि नागासाकीला गेल्या. १९३७ मध्ये जपानने त्यांचे मोठे स्वागत केले होते. आता तो देश पराभूत होता आणि अणुबॉम्ब त्यांच्याच देशाने टाकला होता. हिरोशिमात नगरपालिकेच्या एका अधिकाऱ्याचा चेहरा भाजून विद्रूप झाला होता. त्यांनी हेलन यांना आपल्या चेहऱ्याला हात लावू दिला. त्या स्पर्शाचे वर्णन करण्यास आपल्याकडे शब्द नाहीत, असे त्यांनी मैत्रिणीला कळवले. शब्द मिळण्याच्या क्षणासाठी जग ज्यांना ओळखते, त्या बाई इथे निःशब्द झाल्या. अण्वस्त्रांविरुद्धचे त्यांचे मत त्यानंतर कायमचे पक्के झाले.

१९५५ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, त्यांनी आशियाचा सुमारे चाळीस हजार मैलांचा दौरा केला. त्यात भारतही होता. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांची भेट झाली तेव्हा त्यांच्याही चेहऱ्यावरून हेलन यांची बोटे फिरली. त्यापूर्वी १९३० मध्ये न्यूयॉर्क येथे रवींद्रनाथ टागोर यांना त्या भेटल्या होत्या. आयुष्यभरात त्यांनी सुमारे चाळीस देशांचा प्रवास केला आणि जिथे गेल्या तिथे अंध-बधिर मुलांच्या शाळांसाठी सरकारदरबारी शब्द टाकला.

१९६१ मध्ये आलेल्या पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्या सार्वजनिक जीवनातून निवृत्त झाल्या. १ जून १९६८ रोजी कनेक्टिकटमधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कॅथीड्रलमध्ये अ‍ॅन सुलिव्हान यांच्या शेजारी ठेवल्या आहेत. तिथे ब्रेल लिपीतील एक फलक आहे आणि येणारे-जाणारे त्यावरून हात फिरवतात.

मुंबईत १९७७ मध्ये बेरोझ वाच्छा यांनी हेलन केलर यांच्या नावाने अंध-बधिर मुलांसाठी संस्था सुरू केली. भारतात अशा मुलांच्या शिक्षणाची ही सुरुवात मानली जाते. २०२० च्या महासाथीत एकमेकांना हात लावू नये, असा नियम सर्वांनाच पाळावा लागला. इतरांसाठी ती गैरसोय होती. हाताशिवाय बोलणेच न जाणणाऱ्या अंध-बधिरांसाठी मात्र सारे जगच मुके झाले होते. तो काळ सरला. शिक्षकाचा हात पुन्हा मुलाच्या तळहातावर आला. हात धुताना नळाखाली धरलेल्या त्या इवल्या तळव्यावर आजही पहिल्या काही शब्दांपैकी एक शब्द पाण्याचाच असतो.